पाकिटावरचा पत्ता

माझे काम आवक-जावक टेबलावरचे. अठरा वर्षे झाली. सकाळी टपालाचा गठ्ठा येतो, मी पाकिटे फोडते, शिक्का मारते, नोंदवहीत क्रमांक चढवते आणि ज्याचे त्याच्या टेबलावर पोचते करते. आता बरेचसे टपाल संगणकावर येते, तरी कागदाचा गठ्ठा काही संपलेला नाही. कार्यालयात या टेबलाला फारसा मान नाही. बढती चुकलेला माणूस इथे आणून बसवतात असे म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. पण इथे बसून मला एक गोष्ट कळली. माणूस पाकिटाच्या आत काय वाटेल ते लिहील, शिव्यासुद्धा लिहील, पण बाहेरचा पत्ता मात्र नीट लिहितो. कारण पत्र पोचायला हवे असते.

हे आठवण्याचे कारण माझी धाकटी. ती नववीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांत हा खेळ बराच खेळला जातो. आमच्या वस्तीतल्या चार मुली त्या संघात आहेत आणि दोन ग्लोव्ह चौघींत वाटून वापरतात. इंग्रजीच्या बाईंनी 'माझा आवडता खेळाडू' यावर निबंध सांगितला. वर्गातल्या बहुतेकांनी क्रिकेटवाले निवडले. आमच्या बाईसाहेबांना वेगळे काही हवे होते. सॉफ्टबॉल हे अमेरिकेतल्या बेसबॉलचे धाकटे भावंड, म्हणून क्रीडाशिक्षकांनी तिला बेसबॉलमधला एक काळा खेळाडू सुचवला, हँक अ‍ॅरन. रात्री भांडी झाल्यावर आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो. वाचता वाचता ती मध्येच म्हणाली, "आई, अटलांटा शहरात यांच्या नावाचा रस्ता आहे. हँक अ‍ॅरन ड्राइव्ह. आणि त्या रस्त्यावरच्या स्टेडियमचा घर नंबर ७५५ आहे. मुद्दाम दिलाय म्हणे."

बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापलीकडे मारला की त्याला होमरन म्हणतात, आपल्या षटकारासारखा. हँक अ‍ॅरन यांनी मोठ्या लीगमध्ये असे ७५५ होमरन मारले. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतर २००७ पर्यंत, म्हणजे तब्बल एकतीस वर्षे, तो आकडा कोणाला ओलांडता आला नाही. म्हणून घर नंबर ७५५.

पण त्या रस्त्याच्या नावामागे आणखी एक हकिकत निघाली. अटलांटात १९९६ चे ऑलिंपिक झाले. त्यासाठी बांधलेले स्टेडियम नंतर तिथल्या ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाला मिळाले. अ‍ॅरन याच संघाचे. नव्या मैदानाला नाव कोणाचे द्यावे असा प्रश्न आला तेव्हा शहरातल्या लोकांची पसंती हँक अ‍ॅरन यांच्या नावाला होती. प्रत्यक्षात १९९७ मध्ये मैदान सुरू झाले ते 'टर्नर फील्ड' या नावाने. टेड टर्नर हे सीएनएन वाहिनीचे संस्थापक, १९७६ मध्ये त्यांनी ब्रेव्ह्ज संघ विकत घेतला होता. मैदान धन्याच्या नावाने झाले आणि मैदानासमोरच्या कॅपिटल अ‍ॅव्हेन्यू या रस्त्याच्या तुकड्याला खेळाडूचे नाव मिळाले. खरे बोलायचे तर याच टर्नर यांच्या काळात अ‍ॅरन यांना संघाच्या व्यवस्थापनात वरची जागा मिळाली. ज्या काळात काळ्या माणसाला कोणी त्या खुर्चीजवळ उभे करत नव्हते त्या काळातली ही गोष्ट आहे. पण मैदान ते मैदान आणि रस्ता तो रस्ता.

माझे वडील, अप्पा, सध्या आमच्याकडेच असतात. बाजार समितीत हमाली करून त्यांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवले. खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे नामांतर नाही, नामविस्तार."

धाकटीला कळले नाही. मग रात्री साडेदहाला तिची शिकवणी सुरू झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे गेले. १९७९ च्या लाँग मार्चमध्ये अप्पांनाही अटक झाली, पंधरा दिवस ते आत होते. पुढे १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळाले, तेही 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे, जुन्या नावाला जोडून. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. त्या रात्री वस्तीत ढोल वाजत होते आणि अप्पा पेढ्याचा पुडा हातात घेऊन रडत होते. आनंदाने की दुसऱ्या कशाने, ते मी अजून विचारलेले नाही. माझ्या बी.कॉम.च्या पदवीवर तेच नाव छापले आहे.

धाकटीने निबंधात हे लिहायचे का असे विचारले. मी म्हटले, आधी खेळाडूबद्दल लिही.

हेन्री अ‍ॅरन ५ फेब्रुवारी १९३४ रोजी अलाबामा राज्यातल्या मोबील गावी जन्मला. दक्षिणेतले राज्य, म्हणजे शाळा, बस, दवाखाना, हॉटेल, सगळीकडे गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. बाप गोदीत कामाला. बापाने जुन्या लाकडांतून घर उभे केले. बॅट-बॉलला पैसे नसत, म्हणून पोरगा काठीने बाटल्यांची बुचे टोलवायचा. बॅट धरायचा तीही उलटी, डावा हात वर ठेवून. शिकवायला कोणी नव्हतेच. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये उतरला आणि या पोराला आपणही तिथे जाऊ शकतो असे वाटू लागले. ती वाट रॉबिन्सननी उघडली नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

१९५२ मध्ये अठरा वर्षांचा हेन्री काळ्या खेळाडूंच्या इंडियानापोलिस क्लाउन्स संघात गेला. त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. संघ राजधानी वॉशिंग्टनमध्ये होता. मैदानामागच्या एका हॉटेलात सगळ्यांनी नाश्ता केला. खाऊन झाल्यावर स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला. ज्या बशांत या मुलांनी खाल्ले होते त्या बशा फोडल्या जात होत्या.

इथे अप्पा उठून बसले. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत. आपला कप आपण घ्यायचा, चहा वरून ओततील, आपणच विसळून पुन्हा टांगायचा. "आमचे कप तरी फोडत नव्हते," ते म्हणाले, "पैसे लागतात ना कपाला." आणि हसले. मला मात्र बाळू पालवणकर आठवले. शंभर वर्षांपूर्वीचे आपल्या देशातले मोठे फिरकी गोलंदाज, १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे. पुण्याच्या मैदानावर ज्या संघासाठी ते सामने जिंकत, त्याच संघातले सवर्ण खेळाडू आत चहा पीत आणि यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. बळी चालतात, भांडे चालत नाही.

१९५३ मध्ये अ‍ॅरन दक्षिणेतल्या एका छोट्या लीगमध्ये जॅक्सनव्हिल संघाकडून खेळले. त्या लीगमधल्या पहिल्या काही काळ्या खेळाडूंपैकी ते एक. संघातले गोरे खेळाडू हॉटेलात उतरत, यांची सोय काळ्या वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. १९५४ पासून मिल्वॉकी ब्रेव्ह्ज या मोठ्या संघात आले, १९५७ मध्ये त्या संघाने जगज्जेतेपद मिळवले. १९६६ मध्ये संघ मिल्वॉकीहून अटलांटाला हलला. अ‍ॅरन यांना दक्षिणेत परत जायचे मनातून नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाव असले तरी दक्षिण ती दक्षिणच.

आणि मग माझ्या टेबलाशी नाते सांगणारी गोष्ट सुरू होते.

बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा ७१४ होमरनचा विक्रम १९३५ पासून उभा होता. अमेरिकेत रूथ म्हणजे देव्हाऱ्यातला माणूस. १९७३ मध्ये अ‍ॅरन त्या आकड्याजवळ आले आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला. त्या एका वर्षात त्यांना सुमारे ९ लाख ३० हजार पत्रे आली असे तिथल्या टपाल खात्याने सांगितले. राजकारणी सोडले तर एवढे टपाल दुसऱ्या कोणालाही आले नव्हते. त्यात घाणेरड्या शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या यांची रास होती. रूथचा विक्रम मोडलास तर गोळी घालू, अमुक सामन्यात घालू. त्यांची मोठी मुलगी कॉलेजात होती, तिला पळवून नेण्याच्याही धमक्या आल्या. सगळे टपाल पाहायला एक तरुण सेक्रेटरी होती. ती पत्रे फोडायची, धमकीची वेगळी काढायची आणि ती एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेकडे जायची.

भगिनींनो, मी त्या मुलीच्या जागी स्वतःला बसवून पाहिले. माझ्याकडेही निनावी अर्ज येतात. पाकीट हातात घेतले की ओळखू येते. पाठवणाऱ्याच्या जागी काही नसते, आणि ज्याला पाठवायचे त्याचे नाव मात्र ठळक, पूर्ण, बिनचूक. महिन्यात असे दोन-चार आले तरी माझा दिवस खराब जातो. तिच्यापुढे रोज पोती येत होती. तिच्याबद्दल कोणी फार लिहिलेले नाही, म्हणून मी इथे दोन ओळी जास्त लिहिल्या.

एक मात्र झाले. धमक्यांची बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा पत्रांचा रंग बदलला. लहान मुलांनी, कामगारांनी, गोऱ्या-काळ्या सगळ्यांनी धीर देणारी पत्रे लिहिली. पण वाईट पत्रे अ‍ॅरन यांनी फाडली नाहीत, जपून ठेवली. पुढे लोक विचारत, कशाला ठेवता? विसर पडू नये म्हणून, असा त्यांचा रोख असे.

१९७३ चा हंगाम ७१३ वर संपला. एक कमी. तो सगळा हिवाळा त्या माणसाने कसा काढला असेल! ४ एप्रिल १९७४ ला सिनसिनाटीत त्यांनी ७१४ वा होमरन मारला. तो दिवस किंग यांच्या हत्येचा स्मृतिदिन. सामन्यापूर्वी दोन क्षण शांतता पाळावी असे त्यांनी सुचवले होते, ते मान्य झाले नाही. मग ८ एप्रिल १९७४ ची रात्र, अटलांटा, ५३ हजार ७७५ प्रेक्षक. चौथ्या डावात ७१५ वा चेंडू कुंपणापलीकडे गेला. अ‍ॅरन धावू लागले तेव्हा दोन गोरी पोरे कठडा ओलांडून मैदानात घुसली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी पळू लागली. प्रेक्षकांत त्यांचा अंगरक्षक बसला होता, दुर्बिणीच्या पेटीत पिस्तूल घेऊन. मुले शाबासकी द्यायला आली आहेत हे त्याने त्या एका क्षणात ओळखले आणि पेटी उघडली नाही.

आम्ही त्याचे चित्रीकरण पाहिले. शेवटच्या टप्प्यावर संघातले सगळे गोळा झाले आहेत आणि त्या गर्दीतून त्यांची आई, एस्टेला, पोराच्या गळ्यात पडते. सोडतच नाही. धाकटी म्हणाली, किती खूश झालीय बघ. पण त्या माउलीने नंतर सांगितले ते असे की, कोणी गोळी झाडलीच तर आधी मला लागावी. मैदानात आतषबाजी सुरू झाली होती, आणि तो आवाज तिच्या कानांना कसला वाटला असेल ते सांगायला नको. आम्ही तो तुकडा पुन्हा लावला. या वेळी धाकटी काही बोलली नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. ती मी आजवर महिला मंडळातही सांगितलेली नाही.

२००३ साल. बी.कॉम. होऊन वर्ष झाले होते, नोकरी नव्हती. एका खाजगी कंपनीची हिशेबनिसाची जाहिरात आली. आमच्या वस्तीचे नाव भीमनगर. माझ्या मैत्रिणीला त्याआधी एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारला गेला होता, "भीमनगर म्हणजे नेमके कुठे?" आणि तो विचारताना समोरच्याचा चेहरा कसा झाला ते तिने आम्हाला करून दाखवले होते. मी अर्ज लिहायला बसले. पत्त्याच्या रकान्यापर्यंत आले, थांबले, आणि लिहिले, 'रेल्वे स्टेशनच्या मागे'. खाली शहराचे नाव. बस.

मुलाखतीचे पत्र आले, पण पोस्टमनने ते स्टेशनमागच्या दोन चाळींत फिरवले आणि भीमनगरात आणले तोवर मुलाखत होऊन तीन दिवस झाले होते. पत्र अप्पांच्या हातात पडले. त्यांनी पत्ता वाचला. पोस्टमन गेल्यावर म्हणाले, "मी पंधरा दिवस तुरुंगात काढले, ते काय पोरीने 'स्टेशनच्या मागे' लिहावे म्हणून?" एवढेच. त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही. नोकरी गेल्याचे दुःख चार दिवसांत विरले, पण ते पाकीट अजून माझ्या ट्रंकेत आहे. अ‍ॅरन यांनी दुसऱ्यांची पत्रे जपली, मी माझेच अक्षर जपून ठेवले आहे.

म्हणून रस्त्याच्या नावाचे मोल किती, यावर माझे मत डळमळते. एकीकडे वाटते, नावाने काय होते? जिथे ते स्टेडियम आहे तो समरहिल हा काळ्यांचा जुना भाग. १९६० च्या दशकात महामार्ग आणि पहिले मैदान बांधण्यासाठी तिथल्या कितीतरी कुटुंबांची घरे पाडली गेली. ज्या पहिल्या मैदानावर ७१५ वा होमरन झाला ते १९९७ मध्ये पाडले आणि त्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. २०१६ च्या हंगामानंतर ब्रेव्ह्ज संघच शहर सोडून बाजूच्या कॉब परगण्यात नव्या मैदानावर गेला. टर्नर फील्ड जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने घेतले आणि टर्नर यांचे नावही त्या मैदानावर राहिले नाही. नव्या मैदानाचा नंबरही संघाने ७५५ च ठेवला. संघ गेला, मैदानाचे नाव बदलले, पाडलेली घरे काही परत आली नाहीत. जुन्या जागी हँक अ‍ॅरन ड्राइव्ह मात्र आहे.

दुसरीकडे माझे टेबल मला वेगळे सांगते. इमारतीचे नाव लोक सोयीने गाळतात, रस्त्याचे गाळता येत नाही. त्या रस्त्यावर वीजबिल पाठवायचे असो की नोटीस, हे नाव लिहावे लागते. १९७३ मध्ये ज्यांनी त्यांना शिव्यांची पत्रे पाठवली त्यांतल्या कोणाचा नातू आज तिथे फुटबॉलचा सामना पाहायला जायचा असेल, तर त्यालाही रस्ता शोधताना ते नाव घ्यावे लागते.

२२ जानेवारी २०२१ ला हँक अ‍ॅरन अटलांटातच वारले, वय ८६. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या शाळा मंडळाने आणखी एक ठराव केला. शहरात फॉरेस्ट हिल अकॅडमी नावाची शाळा होती. हा फॉरेस्ट म्हणजे गुलामांचा व्यापारी, यादवी युद्धात गुलामीच्या बाजूने लढलेला सेनापती आणि कु क्लक्स क्लॅन या काळ्यांना जाळणाऱ्या-मारणाऱ्या संघटनेचा पहिला म्होरक्या. त्याच्या नावाच्या शाळेत काळी मुले शिकत होती. ते नाव काढून शाळेला हँक अ‍ॅरन यांचे नाव दिले. हे ऐकून अप्पा म्हणाले, "हे मात्र नामांतर."

आपल्याकडेही डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या एका गावासाठी अर्ज, ठराव, सह्या हे सगळे मी आणि मंडळातल्या दोघींनी मिळून केले. पाटी लागली. पण रेशनकार्डावर आणि लोकांच्या तोंडात जुनेच नाव आहे. गेल्या महिन्यात तिथल्या एका मुलाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पत्ता लिहिला होता, 'बस स्टँडजवळ'. मी शिक्का मारला, क्रमांक दिला आणि बराच वेळ ते पाकीट हातात धरून बसले. त्याला काय सांगणार? कोणत्या तोंडाने?

निबंधाला दहापैकी सात गुण मिळाले. बाईंनी शेरा मारला आहे की खेळाविषयी कमी आणि इतर माहिती जास्त. शेरा बरोबर आहे. नामांतराचे तिने शेवटी चार ओळींत घातलेच होते.

परवा जिल्हा शालेय स्पर्धेचा फॉर्म आला. धाकटीने स्वतः भरला, मोठ्या अक्षरांत. पत्त्याच्या रकान्यात भीमनगर लिहिले, पुढे कंसात आमच्या गल्लीचे नाव, रमाई आंबेडकर मार्ग. रकाना पुरला नाही म्हणून शेवटचे शब्द समासात चढले होते. पिनकोडात एक आकडा चुकला होता. तेवढा मी दुरुस्त केला.